घेण्यास नकार

मी वकिलाच्या कचेरीतून आलेला कागद बोलतोय. दचकू नका हो, नोटीस नाही मी! समन्स नाही, जप्तीही नाही. चार पानांचा, मधोमध घडी घातलेला साधा कागद. सांगलीतल्या एका वकिली कचेरीतून वर्षअखेरीला पक्षकारांना जातो. वार्तापत्र म्हणतात मला. कचेरीच्या बातम्या आणि कायद्याच्या चार उपयोगी गोष्टी, एवढंच माझ्या पोटात. पण माणसं आधी पाकीट बघतात, आणि पाकिटावर वकिलाचा शिक्का दिसला की माझं ऐकूनच घेत नाहीत. त्यापायी एका घराची जमीन जायची वेळ आली होती.

माझा जन्म २०२० च्या डिसेंबरातला. ते साल कसलं होतं ते तुम्हाला काय सांगायचं! दरवर्षी माझा मजकूर नारायणराव वकील स्वतः लिहायचे. त्या वर्षी तो त्यांच्या लेकीनं, विनोदिनीताईंनी लिहिला, कारण नारायणराव सप्टेंबरात करोनानं गेले होते. बापलेक एकाच कचेरीत वकिली करत. माझ्या पहिल्या पानावर चौकटीत त्यांचा फोटो आहे, खाली दोन तारखा आणि त्यांच्याविषयी चार ओळी आहेत. दुसऱ्या पानावर कचेरी चार महिने बंद होती, आता एका वेळी दोनच माणसांनी आत यावं, मास्क बांधून यावं, असल्या सूचना.

तिसरं पान कायद्याचं. ते विनोदिनीताईंनी आधी असं काही लिहिलं होतं की मलाच घाम फुटला. 'विहित कालमर्यादा' काय, 'तदनुषंगाने' काय! त्यांच्या आईनं, राजेश्वरीबाईंनी, चष्मा लावून वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"विनू, चाळीस वर्षं वकिलाच्या घरात काढली मी. मला कळेना, तर आटपाडीच्या माणसाला काय कळणार?"

मग ते पुन्हा लिहिलं गेलं. आता सरळ आहे. 'पंधरा मार्चनंतर ज्यांची अपिलाची मुदत संपत होती, त्यांची मुदत सुप्रीम कोर्टानं वाढवली आहे. मुदत गेली असं समजून कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी कचेरीत या.' या तीन ओळींचा मला भारी अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू!

आता बिराप्पाचं सांगतो. आटपाडीकडच्या एका वस्तीवरचा हा मेंढपाळ. दीड एकर जमीन, तिच्यात एक विहीर, विहिरीच्या कडेला मेंढरांचा वाडा. त्या दीड एकरावर शेजारच्या जयराजनं दावा लावला होता आणि फेब्रुवारीच्या शेवटी निकाल बिराप्पाच्या विरुद्ध गेला. नारायणराव म्हणाले होते, "घाबरू नकोस, अपील करू. मी फोन करतो." तेवढ्यात टाळेबंदी लागली. बिराप्पा मेंढरं घेऊन पलूसकडं गेलेला, तो तिकडंच अडकला. सुरुवातीला दोघांचं बोलणं व्हायचं. "कोर्ट बंद आहे, थांब जरा," असं वकील सांगायचे. सप्टेंबरानंतर मात्र फोन लागेना.

लागणार कसा? नारायणरावांना दवाखान्यात नेलं त्या धांदलीत त्यांचा फोन कुठं गेला तो गेलाच. आणि खेड्यापाड्यातल्या पक्षकारांचे नंबर होते ते त्याच फोनात. विनोदिनीताईंच्या हातात फाइली होत्या आणि गावांचे पत्ते होते. अपिलाला बिराप्पाची सही पाहिजे, आणि बिराप्पा कुठं हिंडतोय त्याचा पत्ता नाही. इकडं बिराप्पाला वकील गेल्याचं कुणी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, वकील समोरच्याला फितूर झाला. दिवाळीला दोन दिवस गावी आला, तेव्हा चार माणसांत तो तसं बोललासुद्धा.

जयराज तसा वाईट माणूस नव्हे. पण निकाल त्याच्या बाजूचा होता आणि मुदत टळली असं त्यालाही वाटत होतं. तो म्हणाला, "बिराप्पा, आता खुशीनं ताबा लिहून दे. वरच्या माळावर मेंढरापुरती जागा देतो मी तुला." बिराप्पानं मान हलवली. एकतीस डिसेंबरला, गुरुवारी, आटपाडीला जाऊन सही करायची ठरली. माळावर पाण्याचा टिपूस नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि मी निघालो. पण कसा निघालो बघा! विनोदिनीताईंनी ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांना मला रजिस्टर टपालानं धाडलं, पोचपावती जोडून. वकिलाची सवय, दुसरं काय. पुरावा राहायला पाहिजे ना!

वस्तीवर बिराप्पाची आई धोंडुबाई एकटीच दारात होती. पोस्टमन म्हणाला, "म्हातारे, सांगलीच्या वकिलाचं रजिस्टर हाय. अंगठा दे."

"वकिलाचं? मग न्हाई घ्यायचं."

"आवं, पण हाय काय त्यात, बघा तरी!"

"बघितलं की लागू झालं. घेतलंच न्हाई तर कसं लागू व्हतंय? ने परत."

सगळ्या पंचक्रोशीत हाच समज. वकिलाचा कागद हातात घेतला की माणूस अडकला, घेतला नाही की सुटला! आता हसू येतं, पण तेव्हा मला रडू येत होतं. माझ्या पोटात तिच्या विहिरीला वाचवणाऱ्या तीन ओळी, आणि म्हातारी मला दारात उभं करेना. पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि मी आलो तसा सांगलीला परत.

माझ्यासकट अकरा जण परत आले होते. विनोदिनीताई आधी चिडल्या. "मी यांच्या भल्यासाठी लिहितेय, आणि हे पाकीट फोडायलाही तयार नाहीत!" मग एकेका पाकिटावरचा शेरा वाचला. "आई, यांना वाटलं मी नोटीसच धाडली. माझीच चूक आहे."

"मग साधं पाकीट घे," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "शिक्का नको, रजिस्टर नको. आणि कोपऱ्यांना हळद-कुंकू लाव. लग्नकार्याचं पाकीट कोण परत करतंय?"

"आई, बाबांना जाऊन वर्ष सरलेलं नाही. आपल्या घरातनं हळद-कुंकवाचं पाकीट कसं जाणार?"

"ज्यांचं वर्ष सरायचंय त्यांनीच लावलं असतं आज. आण ती वाटी इकडं, मी लावते."

आणि त्यांनी लावलं. कुंकवाच्या वाटीला तीन महिने त्यांचा हात लागला नव्हता. अकरा पाकिटांच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी एकेक बोट टेकवलं, शेवटी बोट पदराला पुसलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सोमवारी मी पुन्हा त्याच दारात. या वेळी धोंडुबाईनं मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि हाक मारली, "सोनम, बघ गं कुनाचं लगीन हाय!" सोनम तिची नातसून, बारावी झालेली, टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्न होऊन आलेली. तिनं पाकीट फोडलं आणि पहिलं पान वाचलं.

"आज्जी, लगीन न्हाई. नारायण वकील वारलं."

"कवा?"

"सप्टेंबरातच."

म्हातारीनं पाकीट पुन्हा कपाळाला लावलं. सोनमनं तिसरं पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि धावत जाऊन पलूसला सासऱ्याला फोन लावला. तीन ओळी तिनं सावकाश वाचून दाखवल्या. तिकडं मेंढरं ओरडत होती. त्या गलक्यातच बिराप्पा म्हणाला, "आनि येकदा वाच पोरी."

गुरुवारी जयराज आटपाडीत वाट बघत राहिला. बिराप्पा सांगलीत होता, विनोदिनीताईंच्या समोर, मास्क हनुवटीवर ओढून.

"ताई, आदी येक सांगतो. साहेबास्नी मी लय शिव्या घातल्या. फोन लागंना म्हनून फितूर म्हनलो. चार मान्सांत म्हनलो."

 विनोदिनीताईंनी त्याची फाइल उघडून त्याच्यापुढं सरकवली. निकालाची नक्कल नारायणरावांनी मार्चातच काढून ठेवली होती. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अपील करणे. बिराप्पाला फोन करणे.' ताईंनी ते वाचून दाखवलं. बिराप्पानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि दाखवतील तिथं सह्या केल्या.

अपील दाखल झालं. ताब्याला स्थगिती मिळाली. शेवटचा निकाल अजून यायचाय, कोर्ट आहे ते. पण विहीर बिराप्पाकडं आहे आणि मेंढरं तिचं पाणी पितात.

गावात परतल्यावर बिराप्पानं त्या चार माणसांना देवळापुढं बोलावलं. जयराजही आला होता. "चार मान्सांत बोललो, चार मान्सांतच माघारी घेतो," तो म्हणाला आणि सोनमला माझं पहिलं पान मोठ्यानं वाचायला लावलं. तिसरं नव्हे, पहिलं. वाचून होईपर्यंत तो डोक्यावरचा पटका काढून उभा होता.

आता मी त्याच्या ट्रंकेत असतो. घडीवर फाटलोय, शाई पुसट झालीय. तक्रार नाही. जाता जाता तुमच्याकडं मागणं एवढंच. दारात आलेला कागद वाचल्याशिवाय परत धाडू नका. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. आणि रोज फोन उचलणाऱ्या माणसाचा फोन लागेनासा झाला, तर त्याला शिव्या घालण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.