लाल दगडापाशी झालेली ओळख

पुण्याचे पद्माकरपंत हरिश्चंद्रगड अठ्ठावन्न वेळा चढले होते, त्यातल्या दोन वेळा डुलक्या घेत. निदान जर्मनीत झिंडेलफिंगेनला लेकीकडे आल्यापासून ते रोज असंच सांगत. ऐकायला असायचे जावई गौरांग आणि त्याची आई चारुलताबाई.

"आणि कुणाचा हात धरला असेल तर शपथ!"

"मग रविवारी टेकडीवर बघूच," चारुलताबाई म्हणाल्या. "जो हात मागेल, त्याने भारतात परत जाईपर्यंत सगळ्यांचा चहा करायचा."

चहात आधी पाणी की पत्ती, हेही पंतांना ठाऊक नव्हतं. पण माघार घेतील तर ते पंत कसले!

टेकडीचा माथा म्हणजे नुसती दलदल. वर भुरकट गवत, खाली काळा चिखल, आणि चालायला लाकडी फळ्यांची वाट.

"हा काय डोंगर? दिवाणखाना आहे!" पंत म्हणाले. तेवढ्यात वाटेपासून दोन हातांवर लाल रंग फासलेला दगड दिसला. त्यांनी लगेच बूट-मोजे काढले.

"बाबा, ती नुसती वाटेची खूण..." गौरांग म्हणाला.

"गप रे. एवढा शेंदूर दिसत नाही?"

एक पाऊल, दुसरं, आणि पंत गुडघ्यापर्यंत आत.

गौरांग धावला. चारुलताबाईंनी त्याला कोपरानं अडवलं. "थांब. त्यांना मागू तर दे."

"मागायचंय काय? नमस्कार करतोय, विहीणबाई!" पंतांनी हात जोडून अथर्वशीर्ष सुरू केलं. तिसऱ्या आवर्तनाला चिखल मांडीला लागला.

एवढ्यात एक धिप्पाड जर्मन आजोबा आले आणि प्रार्थना चाललेली पाहून अदबीनं थांबले. पंतांचे डोळे लकाकले. इथली माणसं भेटल्यावर हात मिळवतात, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

"गुटन टाग! पद्माकर!" त्यांनी हात पुढे केला.

आजोबांनी वाकून तो हातात घेतला. पंतांनी सोडलाच नाही. आजोबा घाबरून मागे रेलले, फळ्या करकरल्या, आणि चिखलानं मोठ्ठा आवाज करत पंतांना बाहेर टाकलं.

"मागितला नाही हं! ओळख करून घेतली!"

चारुलताबाईंनी हार मानली. महिनाभर चहा त्यांनीच केला. फक्त कप टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवून त्या रोज सकाळी स्वतःचा हात पुढे करत; हात धरल्याशिवाय कप पुढे सरकत नसे.

"गुटन टाग, व्याहीबुवा. चारुलता."

आणि अठ्ठावन्न वेळा गड चढलेले पंत, कानापर्यंत लाल होऊन, रोज नव्यानं ओळख करून घेत.