कोरडी टेस्ट

मेकॅनिकलमध्ये एम.टेक. करायला डोकं लागत नाही, सोसायची ताकद लागते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गपगुमान बँकेची परीक्षा दिली असती.

माझं काम सांगते. पावडर दाबून, भट्टीत भाजून केलेल्या एका नव्या धातूची बोटाएवढी पिन. फिरत्या पोलादी तबकडीवर ती दाबून धरायची आणि तेलाचा थेंबही न लावता किती झिजते ते मोजायचं. जिथे तेल घालायला कुणाचा हात पोचत नाही, अशा यंत्रांसाठी हा धातू. म्हणजे सगळी मेख त्या कोरडेपणात आहे. टेस्ट चालू असताना अशी करकर होते की दात शिवशिवतात.

शेवटच्या पिनवर माझं सगळं अडलं होतं. आधीच्या पिना माझ्या गाइडनी, म्हणजे गार्गी मॅडमनी, बाद केल्या. एकदा भार चुकला म्हणून, एकदा भार बरोबर होता पण त्यांचं मत बदललं म्हणून. नवीन करावी तर डिपार्टमेंटची भट्टी गणपतीपासून बंद, आणि दुरुस्तीची फाइल कुठल्या टेबलावर झोपलीय देव जाणे. दिवाळीआधी थिसिस गेला नाही तर पुढची टर्म. चाकणच्या कंपनीने तर स्वच्छ सांगितलं होतं, वेळेत डिग्री घेऊन या, नाहीतर जागा दुसऱ्याला.

आणि नेमकी टेस्टच्या मध्यात खंडेनवमी आली. कारखाना असो की कॉलेजची लॅब, त्या दिवशी यंत्रं बंद. धुवायची, पुसायची, तेलपाणी करायचं, झेंडूचा हार घालायचा. आमचे लॅब असिस्टंट गुणाजीकाका आठवडाभर माझ्या मागे लागले होते. "एका दिवसाने काय बिघडतं गं? त्यालापण जीव आहे." मी म्हटलं, काका, मध्येच थांबवली की टेस्ट फुकट. ते मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघं बघून घ्या." त्यांचं सगळ्यावर हेच उत्तर असतं. शेवटी तह झाला. माझं मशीन चालू राहणार, हार बाजूच्या टेबलावर, पूजा लांबून. काकांनी तेही असं मान्य केलं, जसं काही मी त्यांच्या घरचा गणपती उपाशी ठेवत होते.

नवमीला लोक घरच्यांना लॅब दाखवायला आणतात, म्हणून मी बाबांना बोलावलं होतं. बाबांनी मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथ चालवला. रिटायर झाले तेव्हा मालकाने त्यांचा ऑइलकॅन त्यांनाच देऊन टाकला, आणि दर नवमीला ते त्याची घरी पूजा करतात. आज तो पिशवीत घालून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. "तुझ्या मशीनबरोबर ह्याचीपण पूजा होऊ दे," म्हणाले. मला खूप बरं वाटलं. मी त्यांना तबकडी दाखवली, पिन दाखवली. टेस्ट कोरडी आहे, तेल चालत नाही, हेसुद्धा सांगितलं. ते मान हलवत होते, पण त्यांचा कान त्या करकरीकडे होता.

तेवढ्यात मॅडमनी दारातून हाक मारली. काय, तर प्रेझेंटेशनमधल्या ग्राफचा रंग बदल, निळा त्यांना डोळ्यांना लागतो. निळा त्यांनीच सांगितला होता. मी "हो मॅडम, हो मॅडम" करत होते आणि मागे करकर थांबली.

मी वळले. तबकडी फिरत होती. बाबा फडक्याने ऑइलकॅनची चोच पुसत होते.

"बाबा, काय केलंत?"

"वायच तेल सोडलंय," बाबा म्हणाले. खुशीत असले की ते मालवणीवर येतात. "केवढा रडत होता ता. माका आयकवना नाय."

स्क्रीनवरची घर्षणाची रेघ तळाला गेली होती. त्या धातूला बारीक बारीक भोकं असतात, आत गेलेलं तेल पुन्हा निघत नाही. पिन मेली. माझी वाट लागली.

मॅडम आल्या, त्यांनी स्क्रीन बघितला. "तेल कुणी घातलं?"

"मी," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. बाबांच्या त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून असेल.

"एम.टेक.ची मुलगी तू, आणि कोरड्या टेस्टमध्ये तेल घालतेस? फर्स्ट इयरचं पोरगंही हे करणार नाही."

मी बाबांना डोळ्यांनी दटावलं. ते ऐकतील तर ना.

"मॅडम, ती खोटं बोलते," बाबा पुढे झाले. "तेल मी घातलं. तिला नका बोलू, मला बोला."

मॅडम गडबडल्या. "नाही नाही काका, तुम्ही बसा." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "आता पुढच्या टर्मलाच बघू." म्हणजे खोटं बोलून झालं, खरं बोलून झालं, उत्तर तेच.

"टर्म म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"सहा महिने. नोकरी गेली, बाबा." आणि मग माझा तोल सुटला. गाइडचा, भट्टीचा, फाइलचा, सगळ्यांचा राग त्या एका माणसावर निघाला. "सांगितलं होतं ना मी, तेल चालत नाही म्हणून? ऐकायचं म्हणून नाहीच कधी. सगळं तुम्हालाच कळतं. आता प्लीज कशाला हात लावू नका. कशालाच."

सगळ्या लॅबने ऐकलं. बाबांनी ऑइलकॅन पिशवीत ठेवला आणि हात मागे बांधून भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मी मशीन बंद केलं.

थोड्या वेळाने गुणाजीकाका प्रसादाचं ताट घेऊन फिरत आले. बाबांपुढे धरलं. बाबांनी हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"घेव काय गो?" त्यांनी विचारलं.