विड्याचे तबक

पहाटे साडेपाचला केल्समने चुलीवरच्या भातात नारळाचे घट्ट दूध ओतले, पंदानच्या पानांची गाठ त्यात खोचली आणि झाकणावर दगड ठेवला. शेजारी पाटावर बसून तिची मुलगी झलेहा केळीची पाने पुसत होती. लग्नाला अठरा वर्षे झाली, नवरा गेल्या महिन्यात तंजुंग सारीचा सुलतान झाला, तरी आईच्या टपरीवरची शुक्रवारची पहाट तिने चुकवली नव्हती. बाहेर राजवाड्याच्या गाडीत ड्रायव्हर भाताच्या पहिल्या पुडीची वाट पाहत बसला होता.

"मग काय, उद्या सुलताना!" केल्सम म्हणाली. "मासळीवाली रोकिया जळतेय नुसती. म्हणते, राजघराण्यातली नसेल तिची 'चे पुआन' या धाकट्या पदवीवरच बोळवण होते."

"मी होकार कळवलेला नाही, मक," झलेहा आईला म्हणाली. "दुपारपर्यंत कळवायचाय."

"का गं? भाव करतेयस?"

"पदवी घेतली की सगळ्यांनी हात जोडून कपाळाला लावायचे, मला 'तुआंकू' म्हणायचं. तूसुद्धा. घरातही."

"एवढंच ना?" केल्समने हात पुसले, पाय मुडपून बसली आणि जोडलेले हात कपाळाला लावले. "तुआंकू, चटणी तिखट झाली का?"

दोघी इतक्या हसल्या की ड्रायव्हर डोकावून गेला.

निघताना केल्समने एक पुडी पुढे केली. "हे घे, ले..." ती थांबली. "सवय करायला हवी आता."

झलेहाला पदवी हवी होती. अठरा वर्षे ती नणंदांच्या मागच्या रांगेत बसली होती. पण तिला लेहा म्हणणारे माणूस जगात एकच उरले होते.

दहा वाजता राजवाड्यातले रीतिरिवाजांचे जाणकार दातो हाशिम समारंभाची यादी घेऊन आले. झलेहाचे बोट एका रिकाम्या जागेवर थांबले.

"दातो, माझ्यामागे विड्याचं तबक धरणारीनं हात कधी जोडायचे?"

"कसे जोडणार, चे पुआन? दोन्ही हात गुंतलेले. एकदा तबक धरलं की तिला जन्मभराची माफी. माझी आजी धरायची. त्या जोरावर थोरल्या सुलतानाबाईंना नावानं हाक मारून झापायची."

"वयस्कर बाई चालेल?"

"हात स्थिर हवेत. तबक जड आहे."

"रोज दोनशे पुड्या बांधणारे हात आहेत."

दातोंनी चष्म्यावरून पाहिले आणि पेन पुढे सरकवले.

झलेहाने रिकाम्या जागी 'केल्सम बिंती दाऊद' असे स्वच्छ अक्षरात लिहिले. त्याखाली होकाराच्या ओळीवर सही केली. मग एका चिठ्ठीवर दोन ओळी खरडून ती ड्रायव्हरकडे दिली:

"मक, उद्याच्या भाताला दुसरं कुणीतरी बघ. तुला इथे काम लागलंय. — लेहा."