ओकच्या फळ्यांखालचा होनोरियो

रविवारची प्रार्थना आटोपली की निम्मं फॉल रिव्हर गाव देवलिंडाच्या माडीवर लोटायचं. देवळातल्या देवापेक्षा इथला चमत्कार ताजा होता ना.

खोलीच्या एका अर्ध्या भागात मधोमध तिच्या दिवंगत नवऱ्याची, होनोरियोची खुर्ची. पलीकडे नातवाचा चाकांचा रिकामा पाळणा. बेलार्मिनो नावाचे सिद्धपुरुष सगळ्यांना खुर्चीभोवती दाटीवाटीनं उभं करायचे, डोळे मिटून होनोरियोला हाका मारायचे, आणि पाळणा आपसूक खुर्चीकडे सरकायचा. बायका छातीवर क्रूस काढायच्या.

"आजोबा बोलावताहेत," बेलार्मिनो म्हणाले होते. "पोर या घरात ठेवलंत, तर हातचं जाईल."

बाळाला दूर, बेलार्मिनोंच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. सून ग्रासा हिनं रडत रडत झबली-टोपडी बांधली. त्या रविवारी संध्याकाळी निघायचं होतं.

देवलिंडाला काही पटेना. होनोरियोनं जिवंतपणी स्वतःची पोरं कधी उचलली नाहीत. मेल्यावर एवढी माया कुठून फुटली? पण जमिनीवर संशय घ्यायची सोय नव्हती. मुलगा अवेलिनोनं नुकत्याच ओकच्या नव्या फळ्या बसवल्या होत्या. अशा आरशासारख्या जमिनीत खोट काढणार कोण?

मात्र खाली स्वयंपाकघरात, बरोबर त्या खुर्चीखाली, तिचं छताला भिडलेलं पावाचं कपाट होतं. वर गर्दी जमली की त्याचं दार अडकायचं. गर्दी पांगली की मुकाट उघडायचं. आत्म्याला तिच्या पावाशी काय देणंघेणं?

त्या दिवशी तिनं मळक्या कपड्यांची टोपली नेऊन खोलीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ठेवली आणि सगळ्यांना तिच्याभोवती उभं केलं.

"तुम्ही एकटेच खुर्चीपाशी थांबा, महाराज. तुमचं नि ह्यांचं चांगलं जमतं."

फळ्या कुरकुरल्या. पाळणा जरा थबकला, आणि टोपलीकडे निघाला.

"अगं बाई, ह्यांना आता धुणं आठवलं. जन्मात एक मोजा धुतला नाही."

बेलार्मिनो पुटपुटले, आत्मा चंचल असतो.

"आत्मा नव्हे, जमीन. अवेलिनो, बोल आता."

अवेलिनोची मान खाली गेली. "खालच्या तुळया वाकल्यात, आई. आधी त्यांना नव्या लाकडाचा जोड देऊन जमीन सपाट करायला हवी होती. मी तशाच वाकलेल्या तुळयांवर फळ्या ठोकल्या. माणसं जिथं जमतात, तिथं ती आणखी दबते."

"आणि पोर निघालं, तरी गप्प बसलास?"

ग्रासानं गाठोडं सोडलं. बेलार्मिनो जिन्यापर्यंत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी चकचकीत ओक उखडला गेला आणि तुळयांना जोड मिळाले. आता वर कितीही माणसं जमोत, पावाचं कपाट उघडतं.

शेजारणी अजून विचारतात, तेव्हा देवलिंडा एवढंच सांगते, "पाळणा सरकला, तर आधी पाणसळ लावून जमीन सपाट आहे का बघा. मेलेल्यांना सावकाश विचारा. ते कुठं पळून जात नाहीत."