नरडाण्याचे पाहुणे आणि मी काळं खापर

मी खापर बोलतोय. चुलीवर पालथं बसून पाठीवर पुरणपोळ्या भाजून घेणारं, भडगावच्या कुंभारानं घडवलेलं मातीचं खापर. गिरणामाईची शपथ, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. हां, माझ्यावरची पोळी गाडीच्या चाकाएवढी व्हायची असं म्हणालो, तर तेवढं हातभर कमी करून घ्या. आणखी एक थाप आहे, ती शेवटी कबूल करीन.

जन्मलो तेव्हा मी चांगला लालबुंद होतो. हिलालभाऊंनी पाचोऱ्याच्या बाजारात मला टिचक्या मारल्या, कान लावून आवाज ऐकला आणि घेतलं. रंग कोणी पाहिला नाही. खापर निवडताना माणसं फार शहाणी असतात! पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलीनं मला काळंकुट्ट केलं, तर घरधनीण सुंदरबाई उलट खूश. म्हणाली, "आता मुरलं."

तिची नि हिलालभाऊंची लेक मंजुळा. रंगानं माझ्याच वळणावर गेलेली, त्यात गालांवर देवीचे वण. पण हात! पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पातळ करायची आणि अशी अलगद टाकायची, की मला गुदगुल्या व्हायच्या. चार स्थळं येऊन गेली. चारही वेळा पाहुणे पोटभर जेवले आणि निरोप एकच आला, "पोरगी सावळी शे."

सन एकोणीसशे सव्वीसमध्ये पाचवं स्थळ नरडाण्याहून आलं. हेही मोडलं, तर भडगावच्या झिपरू नावाच्या बिजवराला होकार कळवायचा, असं हिलालभाऊंनी ठरवलं होतं. तो मंजुळाहून वीस वर्षांनी मोठा. मंजुळानं हे ऐकलं होतं. त्या दिवशी पोळी माझ्यावर नेहमीसारखी अलगद पडत नव्हती. मला पाठीवर कळत होतं.

ठरलं असं, की आधी पंगत, मग मुलगी तबक घेऊन बाहेर येईल. तोवर ती चुलीपाशीच. ओसरीवर मुलाचे वडील अभिमन नाना आमरसात पोळी बुडवत होते. मुलाची आत्या भागाबाई मात्र जेवता जेवता उठून थेट स्वयंपाकघरात आली.

"बठ्ठ्या पोळ्या तूच कऱ्यात का वं?"

"हो, आत्याबाई, सगळ्या."

"काय हात शे, माय! ज्या घरमा जाशी त्या घरनं सोनं करशी." तिला वाटलं, पोळ्यांसाठी बाहेरून कोणी बाई बोलावली आहे. मान उंचावून ती इकडंतिकडं पाहू लागली. "बरं, नवरी कोठे शे?"

मंजुळा पोळी उलटत म्हणाली, "मीच."

भागाबाईचं हसू ओठांवरच वाळलं. तेव्हा मंजुळा शांतपणे म्हणाली, "हाई खापर बी काळंच शे, आत्याबाई. त्यावरनी पोळी तं तुम्हले गोड लागनी!"

भागाबाई खदखदून हसली आणि ओसरीकडे वळून ओरडली, "नाना, पोर पसंत शे!" वैशाखात लग्न लागलं. नरडाण्यापर्यंत वाजंत्री.

तर, थाप ती हीच.

मंजुळा "मीच" म्हणाली, तिथपर्यंत सगळं खरं. पुढचं वाक्य ती बोललीच नाही. ते माझं. भागाबाईनं पदरानं ओठ पुसले, "अस्सं" म्हणाली, आणि जाताना "आखो एक गरम वाढजो" सांगून गेली. मंजुळानं पुढची पोळी टाकली. तिच्या आयुष्यातली करपलेली पोळी ती एकच. तिसऱ्या दिवशी निरोप आला. कोणता, ते तुम्हाला पाठ आहे.

बिजवराच्या घरी ती मला मांडीवर घेऊन बैलगाडीतून गेली. भडगावला मी जन्मगावी परत आलो, ती तिचं जन्मगाव सोडून.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. माझी एक कड उडाली आहे. झिपरू वाईट माणूस नव्हता, फक्त लवकर गेला. मागं राहिली मंजुळा आणि तिची सावत्र लेक कमल. परवा कमलला पाहायला पाहुणे येणार आहेत. काल मंजुळा तिच्या गालांना पीठ चोळत होती. माझ्यापुढं बसून, माझ्याकडं पाठ करून.

ते वाक्य मी पंधरा वर्षं पाठीवर घेऊन बसलोय. मला तोंड नाही. परवाच्या पंगतीत तुमच्यापैकी कोणी असाल, तर दुसरी पोळी मागण्याआधी तेवढं बोला. निदान माझी एक थाप तरी खरी होऊ द्या.