पास झालेलं पाणी

पाणी तपासायचं तर आधी नळाचं तोंड जाळायचं, थोडं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची. म्हणजे नळाला बाहेरून लागलेली घाण नमुन्यात येत नाही. आमच्या प्रयोगशाळेचा नियमच तसा. पण पिणारा काही नळ जाळून पाणी पीत नाही, हे साहेबांना कोण सांगणार?

माझ्या दादाची तळ्याकाठी तंबूंची जागा आहे. सुट्टीत लोक येऊन राहतात. पिण्याच्या नळाला एक हिरवा पाइप लावलेला, त्याचं दुसरं टोक कायम चिखलात. सगळे त्यातूनच बाटल्या भरतात, माझी आठ वर्षांची भाचीसुद्धा.

मी नियमाप्रमाणे पाइप काढून नळाचा नमुना घेतला. शुद्ध. पाइपातूनही एक बाटली गुपचूप भरली होती, त्यात जंतूंचा नुसता बाजार! साहेब म्हणाले, "नियमात नळ आहे, पाइप नाही. पास करा." झालं!

दादाला म्हटलं, "तो पाइप आधी फेकून दे."

"पास झालंय ना? मग ऐन सीझनमध्ये कशाला नाक खुपसतेस? बहीण आहेस की वैरीण?"

त्यानं रिपोर्ट काचेत घालून नळावर टांगला. भाची येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "माझ्या आत्यानं तपासलंय!" मग मात्र माझं डोकं फिरलं. सरळ सुरी घेतली आणि पाइप कापला. दुसऱ्या दिवशी दादानं तुकडे जोडले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

आठवड्याच्या आत भाची दवाखान्यात. जुलाब, ताप, हाताला सलाइन. डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा साहेब जातीनं गेले. पाइप बाजूला केला, नळाचं तोंड जाळलं, नमुना घेतला. पुन्हा शुद्ध!

मी भाचीजवळ बसले होते, तेवढ्यात दादा तो नवा रिपोर्ट नाचवत आला. "बघ! पाण्याचा दोष नव्हताच. उगाच आकांडतांडव केलंस."

भाचीनं डोळे उघडले. "म्हणजे आत्यानं नीट तपासलं होतं," असं म्हणून सुकल्या ओठांनी हसली.

तिनं उशाजवळची बाटली तोंडाला लावली.

"ही कुठं भरली?" मी विचारलं.

"आपल्याच पाइपावर," दादा म्हणाला. "रोज तिथूनच आणतो. तिला दुसरं पाणी आवडत नाही."

मी बाटली हिसकावून घेतली. ती अर्धी रिकामी होती.