रूबेनमामा डेट्रॉइटला गेले

"तुझी माणसं कोण गं?" हॉलिस साहेबांनी विचारलं आणि गाडीचा वेग कमी केला.

या भागात कुणी कुणाला नव्याने भेटलं की हाच प्रश्न आधी येतो, त्यात वावगं काही नव्हतं. तरी अर्लीन सावध झाली. ती सदुसष्टची, साहेब तिच्याहून बरेच लहान, पण ते तिला 'तू' म्हणत होते आणि ती त्यांना 'साहेब'. काउंटीच्या इस्पितळात चादरी धुण्यात तिचा जन्म गेला. गोऱ्या माणसाच्या गाडीत, त्याच्याच पाइनच्या रानात, एकटीने बसायची वेळ कधी आली नव्हती. मागच्या काचेला बंदूक अडकवलेली होती. इथल्या निम्म्या गाड्यांत ती असते हे तिला ठाऊक होतं, पण मान काही मागे वळेना.

"आईकडून गॅस्किन," ती म्हणाली. "आजोबा तुमच्या आजोबांच्या जमिनीत वाट्याने कापूस करायचे."

ऑगस्टमध्ये घराण्याचा मेळावा होता. अटलांटाची भाची डेल्फीन वंशवृक्ष तयार करत होती. तो सगळ्यांच्या टी-शर्टवर छापायचा होता आणि छापणाऱ्याला नावं आज संध्याकाळपर्यंत हवी होती. आजी-आजोबांची जन्मसालं कुणालाच नक्की सांगता येईनात, ती साहेबांच्या रानातल्या थडग्यांच्या दगडांवर असतील म्हणून अर्लीनने धीर करून त्यांना फोन केला होता. पूर्वजांच्या थडग्याशी जाणाऱ्याला जमीनमालकाने अडवू नये असा इथला कायदा आहे. कायद्याने अडवलं नाही, पण आईने अडवून पाहिलं. एक्क्याण्णव वर्षांची म्हातारी सकाळी दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, मेलेल्यांना हुडकत फिरू नकोस. कारण विचारलं तर दारातून बाजूला झाली.

"गॅस्किन," साहेब आठवत म्हणाले. "त्यांच्यातला एक रूबेन होता ना? लढाईवरून परत आलेला? डेट्रॉइटला गेला. नंतर पत्रसुद्धा आलं नाही."

अर्लीन सवयीने 'हो साहेब' म्हणाली, आणि मग दचकली. आईचा हा थोरला भाऊ. त्याच्याबद्दल हेच वाक्य, याच शब्दांत, ती लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आली होती. डेल्फीनने डेट्रॉइटचे जुने कागद उलटेपालटे केले होते, मामा कुठेच सापडले नव्हते. मामा गेले तेव्हा हा माणूस जन्मलासुद्धा नव्हता. आपल्या घरातलं वाक्य याच्या घरात कसं पोहोचलं? की याच्याच घरातून ते आपल्याकडे आलं होतं? हा दुसरा विचार मनात आला आणि तिला गाडीतून उतरून पळावंसं वाटलं. पण पळणार कुठे? रान त्याचंच होतं.

ओढ्याच्या अलीकडे, निळ्या फुलांच्या वेलीखाली आजी-आजोबांचे दगड सापडले. तिने सालं पाठ केली. साहेब गाडीला टेकून शेंगदाणे खात होते. ती वळणार एवढ्यात तिला सगळ्यांपासून दूर, ओढ्याच्या अगदी काठाला, खचलेली जमीन दिसली. दगड नव्हता. भोवती तपकिरीच्या बाटल्या उलट्या रोवून नीट कड केली होती. संगमरवर परवडत नाही त्या आपल्या काळ्या माणसांनी थडगं असंच सजवायचं. जुन्या बाटल्या मातीत गेल्या होत्या, पण टोकाच्या, अलीकडे रोवलेल्या काहींवर छापील कागद अजून शिल्लक होता. हिरव्या पट्ट्याची तपकीर. इथे ती नाकात ओढत नाहीत, ओठात धरतात, आणि चर्चच्या बायकांत आता एकटी आईच ती धरायची.

पाय चालत होते तोवर दर मे महिन्यात आई एकटीच मासे धरायला जायची आणि रिकाम्या हाताने यायची. घरात त्यावरून तिची किती चेष्टा व्हायची.

"तिथे काय आहे?" साहेब मागे येऊन उभे होते.

"काही नाही, साहेब. बाटल्या."

"कुणीतरी कचरा टाकलाय," ते म्हणाले. ते सहज बोलले की तिचा चेहरा वाचत बोलले, हे तिला कळलं नाही. तिने ओठ घट्ट दाबले आणि हसून म्हटलं, लोकांना शिस्त नाही. आपल्या आईच्या हाताच्या कामाला ती कचरा म्हणाली, आणि भीतीपोटी म्हणाली.

घरी आई ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. अर्लीनला पाहताच ती उठली, तिला आत घेतलं आणि भर दुपारी दाराला कडी लावली.

"त्याने तुला रडताना पाहिलं?"

"नाही."

"बरं केलंस."

मग आई बोलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रूबेन लष्करी गणवेश घालून दुकानात पुढच्या, गोऱ्यांच्या दाराने गेला, एवढाच त्याचा गुन्हा. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत ओढ्यात सापडलं. तिच्या वडिलांनी आणि तिने त्याला आहे तिथेच, काठाला पुरलं.

"दुसऱ्या दिवशी या हॉलिसचा आजा ओसरीवर आला," आई म्हणाली. "म्हणाला, तुझा पोरगा डेट्रॉइटला गेला म्हणे. माझा बाप म्हणाला, हो साहेब. मागे आम्ही पाच पोरं उभी होतो ना. तेव्हापासून तो डेट्रॉइटला गेला."

फोन वाजला. डेल्फीन होती, घाईत. आजी-आजोबांची सालं अर्लीनने सांगितली. मग डेल्फीनने विचारलं, आणि रूबेनमामांपुढे काय लिहू? खरं काय ते सापडलं का?

अर्लीनने आईकडे पाहिलं. आई खिडकीतून रस्त्याकडे पाहत होती. अर्लीनचा मुलगा त्याच रस्त्याने कामावरून घरी यायचा, हॉलिस साहेबांच्या लाकूडगिरणीतून.

"डेट्रॉइट लिही," अर्लीन म्हणाली. "डेट्रॉइटला गेले. नंतर पत्रसुद्धा आलं नाही."

वाक्य तिच्या तोंडून एकदाही न अडखळता बाहेर पडलं. तिने फोन ठेवला आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

आईने तिच्या हातावर हात ठेवला. "आता रड हवं तर," ती म्हणाली. "दार लावलंय."